मालनसाठी रगत

बळवंतनं जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता. मनोरीच्या कोळीवाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाला नसलंच ठाऊक तर तो स्वतः ऐकवायचा. त्याच बळवंतला त्या मंगळवारी तिन्हीसांजेला एकेका पडवीपुढं उभं राहून मागायची पाळी आली. बरं, मागायचं ते तरी साधं असावं! जाळं माग, होडी माग, लग्नाला पातेली माग, कोळीवाड्यात कुणी नाही म्हणत नाही. ह्याला मागायचं होतं रगत.

मालन त्याची सहा वर्षांची पोर. गणपती गेले तसा तिला जो ताप धरला तो सोडीना. मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले, सकाळी उशीवर हिरड्यांचं रगत दिसायला लागलं. मालाडच्या डॉक्टरनं आधी टॉनिक दिलं, मग जंताचं औषध दिलं, आणि शेवटी म्हणाला, पोरगी मुळातच नाजूक आहे. तेव्हा सगुणा, मालनची आई, पोरीला मांडीवर घेऊन त्याच्या दवाखान्यातल्या बाकावर ठाण मांडून बसली. "नाजूक व्हती तर उन्हाळ्यात वाळूवर दिवसभर पळत कशी व्हती? मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी द्या, त्याबिगर उठत नाय." दवाखाना बंद करायची वेळ झाली तरी बाई हलेना, तेव्हा त्यानं वैतागून चिठ्ठी खरडली. ती घेऊन दोघं शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेली आणि तिथं कळलं, रगताचा कॅन्सर.

कॅन्सर म्हणजे तंबाखूनं तोंडाला होतो, एवढंच बळवंतला ठाऊक. "पोरीनं तंबाकू कदी खाल्ली नाय हो," तो वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला, जसा काही त्या पोरीवर आळच घेत होत्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, रोग वाईट आहे, पण आता औषधं निघालीत, पोर टिकवता येते. फक्त औषध चुकवायचं नाही. चुकलं की रोग दुप्पट जोरानं उठतो.

दिवाळी वॉर्डातच झाली. सगुणा खाटेखाली फरशीवर निजायची आणि बळवंत मनोरी ते इस्पितळ अशा खेपा घालायचा. आणि आता हे नवं लचांड. औषधानं रोगाबरोबर पोरीच्या अंगातलं चांगलं रगतही खाल्लं होतं. "रक्त चढवल्याशिवाय गुरुवारचं औषध तिला सोसायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन बाटल्या लागतील. तुमच्या माणसांनी इथं येऊन दोन बाटल्या रक्त द्या, आम्ही तिच्या गटाचं तिला चढवतो. फाटकावर विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका." बळवंतनं स्वतःचं आधीच दिलं होतं, त्याचं तीन महिने पुन्हा घेणार नव्हते. सगुणाच्या बोटाला टोचून त्यांनी थेंब निळ्या पाण्यात सोडला. बुडाला तर रगत चांगलं, तरंगला तर पातळ. सगुणाचा तरंगला. पोटच्या पोरीला द्यायला आपल्या अंगात रगत नाही, हे तिला इतकं लागलं की त्या दिवशी ती जेवलीच नाही.

म्हणून मंगळवारी बळवंत गावात आला आणि पहिलं दार त्यानं महादूचं धरलं. महादू त्याचा भागीदार. एक होडी, एक जाळं, दोघांचा घाम. महादू पानावर बसला होता.

"ये, बस. जेव दोन घास."

बळवंतनं उभ्याउभ्याच सांगितलं. महादूचा घास हातातच राहिला.

"रगत? म्हंजे सुई टोचून?"

"मंग काय वाटीनं काढतात?"

"किती काढतात?"

"एक बाटली."

"बाटली म्हंजे कसली? औषधाची का राकेलची?"

आतून महादूच्या बायकोचा आवाज आला, "उधाण तोंडावर आलंय. रगत काढलेला माणूस जाळं काय वढणार?"

तिचंही खोटं नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला जोर चढतो, तेच ह्या लोकांचे कमाईचे दिवस. दर्यात रोवलेल्या खुंटांना जाळी बांधायची आणि पाणी फिरलं की जाऊन उपसायची, दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका. बोंबलांचा हंगाम ऐन भरात होता आणि शुक्रवारपासून उधाण लागणार होतं. महादूनं खाली मान घालून म्हटलं, "बळ्या, आपला तांबडा कोंबडा ने. पोरीला रस्सा करून घाल."

पुढचं दार बाळाचं. बाळाला बोलायला लागत नाही. "गेल्या साली लढाईत जवानांना रगत द्या म्हणून लाऊडस्पीकर फिरला, तवा मी देणारच व्हतो बघ. पन लढाईच आटपली."

"मंग आता दे."

"आता कुठं लढाई हाय?"

असं घरोघर. कुणी म्हणे माझं रगत लई गरम, पोरीला बाधेल. कुणी देवीला नवस बोलायला तयार. एका म्हातारीनं तर "माझ्या पोराच्या रगतावर डोळा ठेवतोस" म्हणून बोटं मोडली. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, पोरीसाठी हळहळलं मात्र सगळं गाव. पुतळाबाईच्या घरावरून बळवंत न थांबताच पुढं गेला. पुतळाबाई विधवा, मालाडच्या बाजारात मासळी विकून दोन पोरी उजवलेली बाई. घरात पुरुष नाही, मग हाक मारायची कुणाला?

शेवटी तो काशीरामनाखवाच्या अंगणात जाऊन टेकला. काशीराम गावातला वडीलधारा, कुणाचं भांडण तुटायचं ते त्याच्याच ओट्यावर. त्यानं विडी पेटवली आणि उलट बळवंतलाच झापलं.

"तू भिकारी हायस का रं? दारोदार काय फिरतोस?"

"नाखवा, पोर मरल माझी."

"म्हनून रीत सोडशील? होडी वाळूत रुतली तर तू घरोघर रडत फिरतोस का माणसं बसवतोस? माणसं पायजेत तर अंगणात बोलव. पयला पेला दर्याला, दुसरा मागणाऱ्यानं घ्यायचा, मंग बाकीच्यांना. मंग माग. पेला घेतलेला माणूस मागं फिरत नाय."

खरंच होतं ते. होडी ओढायची असो, घर शाकारायचं असो, ज्याला माणसं हवीत त्यानं पाजायचं, आणि काम पुरं होईपर्यंत पाजायचं, ही कोळीवाड्याची जुनी चाल. बळवंतनं कपाळावर हात मारला. हे आपल्याला आधी का सुचलं नाही?

बुधवारी संध्याकाळी त्याच्या अंगणात घोंगडी पसरली. भट्टीचा माल त्यानं आणला होता. घरात बाई नाही, म्हणून चुलीपुढं बसून बोंबीलही त्यानंच तळले. तेल अंगावर उडत होतं आणि मनात सारखं येत होतं, तिकडं पोर पडलीय आणि इकडं मी चकणा तळतोय. पण अडला हरी, करतो काय? त्यानं पहिला पेला दर्याच्या दिशेनं जमिनीवर ओतला, दुसरा स्वतः घेतला, आणि माणसांपुढं पेले फिरवले. मग उभा राहून तो एवढंच म्हणाला, "माझ्या पोरीला रगत पायजे."

मग महादूनं रिकामा पेला पालथा घातला. "मी येतो." त्याच्यामागून बाळा हो म्हणाला, मग आणखी दोघे. बळवंतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन बाटल्या हव्या होत्या, चार माणसं मिळाली. काशीरामनाखवानं सगळ्यांकडं असं बघितलं की जशी ती रीत त्यानं स्वतःच काढली होती.

गुरुवारी सकाळी चौघं धक्क्यावर आले ते लग्नाला निघाल्यासारखे. धुतलेले सदरे, डोक्याला तेल, बाळाच्या गळ्यात तांबडा रुमाल. पण चेहरे मात्र पांढरेफटक. भर वादळात दर्यात शिरणारी ही माणसं, सुईला भ्यायली होती. खाडी ओलांडायच्या तरीत बसल्याबरोबर महादू म्हणाला, "बळ्या, हातपाय गार पडलेत रं. जरा घसा वला कर."

काम पुरं होईपर्यंत पाजायचं मागणाऱ्यानंच. बळवंतच्या पिशवीत बाटली तयार होती. त्यानं पहिली धार खाडीत सोडली, स्वतः घोट घेतला आणि चौघांना दिली. पलीकडं मार्व्याला बस येईपर्यंत आणखी एकदा झाली. दादरला उतरेपर्यंत चौघांच्याही अंगात चांगली हिंमत आली होती. बाळा तर म्हणाला, "एक काय, दोन बाटल्या काढू दे!" ह्यात काही चुकतंय हे पाचांतल्या एकाच्याही मनात आलं नाही. यायचं तरी कसं? आजवर ह्या रीतीनं कुठलं काम अडलं नव्हतं.

रगत घ्यायच्या खोलीत पांढऱ्या कोटातला तरुण डॉक्टर होता. महादू खाटेवर आडवा झाला आणि वल्ह्यासारखा दंड त्यानं पुढं केला. रबराची नळी बांधायला डॉक्टर वाकला आणि तसाच मागं सरला.

"दारू प्यालात?"

"व्हय साहेब," महादू मोकळेपणानं म्हणाला. "बळवंतनं पाजली."

डॉक्टरनं बाकीच्यांकडं बघितलं. "तुम्ही?"

"आमाला पन पाजली," बाळा म्हणाला. बळवंतची बाजू राखावी, त्यानं हात आखडता घेतला असं कुणाला वाटू नये, हाच त्याचा हेतू.

"उठा," डॉक्टर म्हणाला. "ह्यांच्यातल्या एकाचंही घेता येणार नाही."

"साहेब, आमची रीत हाय ती."

"असेल. पण हे रक्त आजारी माणसाच्या अंगात जातं. आणि अशा माणसाचं बाटलीभर रक्त काढलं तर तो इथंच कोसळेल. उद्या या. पोटभर जेवून या, आणि दारूचा थेंब नको."

"उद्या नाय चालणार हो! पोरीचं औषध आज हाय. आजच्या आज घ्या, काय व्हायचं ते व्होऊ दे. महादू, तू सांग नं ह्यांना, तुला काय चढलीय का?"

"नाय," महादू म्हणाला आणि उठताना त्याचा तोल गेला.

बाहेर व्हरांड्यात येऊन पाचही जण भिंतीला लागून उभे राहिले. येणारीजाणारी माणसं नाकाला पदर लावून जात होती. बाळाचा रुमाल सुटून खांद्यावर लोंबत होता. "उद्या येवा," बळवंत म्हणाला. कुणी वर बघेना. शेवटी महादूच बोलला, "उद्या उधाण लागतं, बळ्या. जाळी बांधायला आज सांजेलाच निघाय पायजे. आमी तुझं बी जाळं बांधतो. तुझा वाटा एक बोंबील कमी व्हणार नाय, आईची आण." आणि ते खरंच तसे वागणार होते. पोरीसाठी ते जन्मभर ह्याचं जाळं उपसतील, कधी बोलूनसुद्धा दाखवणार नाहीत. पण आज ह्या घडीला जे हवं होतं ते घेऊन चौघेही फाटकाबाहेर चालले होते. बळवंतला चीड आली ती कुणाची, हेच कळेना. महादूची, त्या डॉक्टरची, काशीरामनाखवाची. सगळ्यांत जास्त स्वतःची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सगुणा वॉर्डातून आली ती पेजेची वाटी हातात घेऊनच. डोळे जागरणानं लाल.

"भरल्या बाटल्या?"

ती जवळ आली, वासानं थबकली, आणि तिला सगळं कळलं.

"तुमी रगत आणाय गेलता का वरात काढाय?"

"रीतीबिगर कुणी तयारच..."

"आग लागो त्या रीतीला! मालाडच्या डॉक्टरशी मी भांडले. पोरीला खाट मिळंना तवा दिवसभर उभी ऱ्हाऊन मी मिळवली. नाकातनं रगत आलं तर शिस्टरला वढून मी आणली. तुमाला एक काम सांगितलं. एकच! ते बी दारूत बुडवून आलात."

"घरोघर फिरलो मी, सगुणा. एका बाप्याचं दार सोडलं नाय."

"बायांना विचारलं?"

"बायांना?"

"का? बायांच्या अंगात काय पेज वाहते?"

"तुझाच थेंब तरंगला नं?" असं बळवंतच्या तोंडून निघून गेलं. निघालं आणि त्याला वाटलं, जीभ हासडून टाकावी.

सगुणा रडली नाही, ओरडली नाही. तिनं वाटी त्याच्या हातात दिली. "पोरीजवळ बसा. तोंड आलंय तिला, हळू भरवा. मी मालाडच्या बाजारात जाते." कमरेला पदर खोचून ती निघालीसुद्धा. तिच्या पायांत वहाण नव्हती हे बळवंतला ती फाटकाबाहेर गेल्यावर दिसलं.

मालन खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोक्यावरचे केस गेले होते, त्यामुळे कान मोठे दिसत होते. बाहेरच्या झाडावर कावळे भांडत होते, ते ती बघत होती.

"आई कुठं गेली?"

"येते आत्ता. तू पेज खा."

त्यानं चमचा पुढं केला तशी ती मागं सरली. "बाबा, तुज्या तोंडाला वास येतो. तिकडं तोंड कर."

बळवंतनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत तो चमचा पुढं करायला लागला. धड तोंड सापडेना. पेज हनुवटीवरून गळ्यावर ओघळायची. मालन प्रत्येक घोटाला डोळे घट्ट मिटायची, आणि चमचा परत आला की त्याला तांबडं लागलेलं असायचं. दोन महिने हा फळं घेऊन यायचा, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि संध्याकाळची तर गाठायला निघायचा. पेज भरवणं म्हणजे काय असतं ते त्याला आज कळत होतं. सगुणा हे रोज तीनदा करते? तिनं सांगितलं कसं नाही? की सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नाही?

"रगत नाय मिळालं?" मालननं विचारलं.

"मिळल."

"नाय मिळालं तर आज औषध नाय, आई बोलली." तिनं पेजेचा चमचा हातानं बाजूला केला. "बरं झालं. औषधानं लई वकारी येते."

बळवंतला पुढं भरवता येईना. वाटी तशीच मांडीवर धरून तो बसून राहिला.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मालनच्या पापणीची आतली बाजू बघितली, नखं दाबून बघितली. "चारपर्यंत दोन बाटल्या जमा झाल्या तर संध्याकाळी चढवता येईल. तुम्ही माणसं आणणार होतात ना?" बळवंतला सांगायचं होतं, आणली होती, चार आणली होती. पण तोंड उघडायची सोय नव्हती. ओठ मिटून त्यानं नुसती मान हलवली. हो की नाही ते बाईंनाही कळलं नाही आणि त्यालाही.

तीन वाजून गेले होते, तेव्हा खाली गलका ऐकू आला. बळवंत खिडकीशी धावला. फाटकात मालाडच्या बाजारातल्या सहा बाया उभ्या होत्या, मनोरीच्याच, कमरेवर रिकाम्या टोपल्या. सगुणा पुढं आणि दरवान आडवा.

"टोपल्या बाहेर! हे इस्पितळ आहे, मच्छी बाजार नाही."

"बाजारात गिऱ्हाईक इचारतं तरी, काय आणलंय म्हणून," पुतळाबाईचा खणखणीत आवाज वरपर्यंत आला. "रगत आणलंय. बोल, सोडतोस का घरी जाऊ?"

दरवान बाजूला झाला. एक पोरगी टोपल्यांपाशी थांबली असती तर चाललं असतं, पण कुणी थांबायला तयार नव्हती. शेवटी टोपल्या दरवानालाच सांभाळायला दिल्या.

बळवंत खाली पोचला तेव्हा बाया रांगेत बसल्या होत्या आणि बोटाला टोचायचं काम चाललं होतं. पहिली सोनूबाई. थेंब निळ्या पाण्यात पडला आणि वरच राहिला.

"नाही चालणार," डॉक्टर म्हणाला.

"का नाय चालणार? डोक्यावर टोपली घेऊन रोज दहा खेपा मारते मी, नि माझं रगत पातळ? परत टोच."

डॉक्टरनं परत टोचलं. परत तरंगला. दुसरीचा तरंगला, तिसरीचाही. चौथीचं पोर अंगावर पिणारं, तिला तर टोचलंच नाही. डॉक्टर प्रत्येकीला सांगत होता, "पालेभाजी खा, मासे खा."

"मासे?" सोनूबाई फिसकारली. "चांगला मासा गिऱ्हाइकाला. मंग नवऱ्याला, मंग पोरांना. आमच्या ताटात सार नि काटा. हे सांगा आमच्या घरात येऊन."

भिंतीशी उभ्या बळवंतला ते ऐकून मान वर करवेना. सगुणाच्या ताटात काय पडतं, हे त्यानं इतक्या वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. आणि सगुणा प्रत्येक थेंबाकडं असं बघत होती की जसं त्या पाण्यात पोरच सोडलीय.

पाचवी पुतळाबाई. "वय काय?" डॉक्टरनं विचारलं.

"चाळीस."

"माझ्या लग्नात बी हिचं चाळीसच व्हतं," सोनूबाई पुटपुटली.

थेंब पडला आणि सरळ तळाला गेला. "बुडाला. उत्तम!" डॉक्टर म्हणाला.

"बुडला तर उत्तम? आमच्यात बुडला तो मेला." पुतळाबाई खाटेवर चढली. सुई आत शिरताना तिनं दात आवळले, पण सगुणाचा हात सोडला नाही. तिच्या शेजारच्या खाटेवर सुगंधा झोपली, नवी लग्न झालेली. तिचाही थेंब बुडाला होता. चार वाजायच्या आत दोन बाटल्या भरल्या.

संध्याकाळी मालनच्या खाटेशी बाटली टांगली. थेंब थेंब रगत उतरत होतं आणि बळवंत टक लावून बघत होता. पोरीचे ओठ जरा तरी लाल होतात का? मग औषध दिलं. ते गेलं न गेलं तोच मालन ओकायला लागली. सगुणानं तिचं कपाळ धरलं, बळवंतनं भांडं धरलं. ओकून दमलेली पोर "घरी चल" म्हणून रडत झोपली. एवढ्या सगळ्या रामायणातून निष्पन्न काय, तर पोर आणखी कोमेजलेली. बळवंतला वाटलं, त्या बाटलीवर डोकं आपटावं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, समाधानानं मान डोलावली आणि म्हणाल्या, "छान झालं. पुढच्या गुरुवारी पुन्हा दोन बाटल्यांची सोय करून ठेवा."

"पुढच्या?" बळवंत म्हणाला. आता तोंडाचा वास राहिला नव्हता. "आज दिलं नं?"

"आजचं आज झालं. औषध चालू आहे तोवर लागत राहणार."

"कुठवर?"

"ते आज नाही सांगता येणार."

फाटकाशी बाया दरवानाकडून टोपल्या घेत होत्या. शेवटची तर गाठायची घाई होती. पुतळाबाई कठड्याला टेकून बसली होती, चेहरा जरा उतरला होता, पण बळवंतला बघताच जीभ चालू झाली. "मंगळवारी माझ्या दारावरनं गेलास. मी आत दिवा लावत व्हते. घरात बाप्या नाय म्हनून हाकसुदा मारली नायस?"

सगुणानं त्याला कोपरानं ढोसलं. "डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते सांगा ह्यांना."

"तू सांग नं."

"मी भर बाजारात पदर पसरलाय आज. आता तुमी पसरा."

अंगण नाही, घोंगडी नाही, हातात द्यायला पेला नाही. नुसतं मागायचं कसं, हे बळवंतला कुणी शिकवलंच नव्हतं. "पुतळाबाई," तो म्हणाला आणि अडकला. "पुढल्या गुरुवारी परत लागतंय. तुमचं दोघींचं तीन म्हयने नाय घेणार. दुसरं कुणीतरी..."

"मला सांगून काय उपेग? माझं दिऊन झालं." पुतळाबाईनं टोपली डोक्यावर चढवली. "उद्या सकाळी आमी बाजाराला निघतो तवा धक्क्यावर ये. सगळ्या बाया असतात. त्यांना सांग. आनी चूळ भरून ये."

शुक्रवारी सकाळी धक्क्यावर तिसेक बाया तरीची वाट बघत होत्या. टोपल्यांतून पाणी ठिबकत होतं. पलीकडं होड्या जाळी उपसायला निघाल्या होत्या. पाणी जोरात होतं, उधाणाचा पहिलाच दिवस. महादू त्यांच्या होडीत उभा राहून हाका मारत होता, "बळ्या, ये रं! पाणी फिरंल!" काशीरामनाखवाही काठावर होता आणि हा बायांच्या घोळक्यात काय करतोय म्हणून बघत होता.

बळवंतनं तोंड उघडलं. एक-दोघी हसल्या. कुणीतरी म्हणालं, "काय रं बळवंता, भाव इचारतोस का?"

"माझ्या मालनला रगत पायजे," तो बोलला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, तसा तो ओरडलाच. "माझ्या मालनला रगत पायजे! गुरुवारी दोन बाटल्या. मंग परत, आनी परत. कुठवर ते डॉक्टरला बी ठाव नाय. द्यायला माझ्याकडं काय नाय. तुमी कंटाळलात तरी मी मागणार. रोज हितं येऊन मागणार!"

महादूची हाक अर्ध्यावरच राहिली. तर धक्क्याला लागत होती, पण कुणी पुढं सरकलं नाही. मग मागून एका बाईनं विचारलं, "दुखतं का रं लई?"

काय सांगावं? नाही म्हणावं तर दोघीतिघी तयार होतील. बळवंतनं सदऱ्याची बाही वर सारली आणि आपल्या दंडाकडं बघितलं.

"दुखतं," तो म्हणाला.

ती बाई टोपली खाली ठेवून पुढं आली.